चौथा पर्याय : नव्या शहरात रुळायला शिकवणाऱ्या मराठी लेखनाबद्दल

नव्या शहरात कसं रुळावं हे सांगणारा मराठीतला सगळ्यात लोकप्रिय मजकूर कुठला, तर पु. ल. देशपांडे यांचा मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर, तुम्हाला कोण व्हायचंय, असं विचारणारा लेख. वाचणाऱ्यांपेक्षा तो पुलंच्या आवाजात ऐकणारेच जास्त असतील. शिकायला किंवा नोकरीला पुण्यात आलेल्या पोराला पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी तो ऑडिओ पाठवतंच. मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होस्टेलच्या ग्रुपवर आला होता. खूप हसलो होतो आणि अजूनही हसू येतं. पण पुण्यात दहा वर्षं होत आल्यावर हा लेख आणि त्याच्या आगेमागे मराठीत नव्या शहराबद्दल जे काही लिहिलं गेलंय, ते एकत्र ठेवून पाहावंसं वाटलं. कारण माझ्यासारख्या हजारो पोरांनी गाव सोडताना सोबत जी थोडीफार शिदोरी घेतली, तिच्यात हे लेखनही होतं. ते कितपत पुरलं, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

पुलंच्या लेखाची रचना सल्ल्याची आहे. अमुक व्हायचं असेल तर तमुक अंगी बाणवा, अशी. पुणेकर व्हायचं तर कशाचा ना कशाचा कडवा अभिमान हवा, प्रत्येक विषयावर ठाम मत हवं, दुकानदाराच्या उपेक्षेची सवय हवी, आणि प्रसंगानुसार वेगवेगळ्या जातीची मराठी बोलता यायला हवी. मुंबईकर व्हायचं तर घड्याळ आणि गर्दी. नागपूरचा ढंग आणखी निराळा. वरवर ही चेष्टा शहरांची आहे. पण सल्ला कुणाला दिला जातोय तिकडे पाहा. तो एक 'तुम्ही' आहे. त्याला गाव नाही, बोली नाही, आडनाव नाही, घरून किती पैसे येतात याचा पत्ता नाही. तो पूर्ण कोरा आहे आणि शहर त्याच्यावर जे लिहील ते तो होणार आहे. विनोदी लेखाची ती गरज आहे, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण अशी, की गंभीरपणे लिहिलेल्या शहर-माहितीतही वाचक असाच कोरा धरलेला असतो. आणि कोरा माणूस कुठल्याच शहरात येत नाही.

भाषेचंच घ्या. लातूर-नांदेडकडचा माणूस 'मी जायलोय', 'तो करायलाय' असं बोलतो. पुण्यात ते ऐकलं की समोरचा हसतो किंवा 'कुठले तुम्ही?' असं विचारतो. हा प्रश्न वाईट हेतूनेच विचारला जातो असं नाही. पण 'जायलोय' ही काही 'जातोय'ची बिघडलेली आवृत्ती नाही. चालू असलेली क्रिया दाखवण्याचा तो आमच्याकडचा नियम आहे, आणि तो सगळ्या क्रियापदांना सारखाच लागतो : खायलोय, बसायलोय, वाचायलोय. इतकं सरळ व्याकरण घेऊन आलेला मुलगा सहा महिन्यांत ते पुसून टाकतो. फोनवर आईशी बोलताना मात्र ते आपोआप परत येतं, तेव्हा रूममधले दुसरे हसतात. पुलंनी पुणेकराला मराठीच्या अनेक तऱ्हा यायला हव्यात असं सुचवलंय. ही बाहेरून आलेल्या पोराची दुहेरी मराठी त्या यादीत नाही. खरं तर आजच्या पुण्यात सगळ्यात जास्त बोलली जाणारी तऱ्हा तीच असावी.

लेखाच्या शीर्षकातच पर्याय तीन आहेत. मराठवाड्याचा चौथा पर्याय नाही. यात पुलंचा दोष शोधण्यापेक्षा इतिहास पाहणं बरं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याआधी आमच्या भागातल्या शिकू पाहणाऱ्या मुलाचं 'मोठं शहर' पुणे नव्हतं, हैदराबाद होतं. नांदेडचं नाव ज्यांच्यामुळे महाराष्ट्रभर गेलं ते नरहर कुरुंदकरही शिकायला हैदराबादला गेले, मामांकडे राहिले. पुण्यामुंबईची थट्टा, त्या दोन शहरांतली उणीदुणी, त्यांचे नमुनेदार रहिवासी, हे सगळं ज्या मध्यमवर्गीय मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेलं होतं, त्यात आम्ही उशिरा सामील झालो. त्यामुळे आमच्या आजोबांच्या पिढीला हा विनोद अर्धाच कळत असणार. आम्हाला पूर्ण कळतो, पण आम्ही त्यात कुठेच नाही.

लेखातलं पुणं पेठांपासून सुरू होतं. लातूरच्या माणसाचं पुणं सोलापूर रस्त्याने, हडपसरपासून सुरू होतं. पहाटे ट्रॅव्हल्स गाडीतळावर थांबते, डोळे चोळत लोक उतरतात, बॅगेसोबत एखादं ज्वारीचं किंवा डाळीचं पोतं असतं, आणि तिथून कुणी वाघोली, कुणी चाकण, कुणी हिंजवडी धरतं. यांतल्या कितीतरी जणांनी शनिवारवाडा आतून पाहिलेला नसतो. आणि ज्या सदाशिव-नारायण पेठेतला माणूस हा आपल्या विनोदी वाङ्मयाचा कायमचा नायक, त्या पेठांत आज वाड्यांच्या खोल्याखोल्यांतून एमपीएससी करणारी मराठवाड्या-विदर्भातली पोरं राहतात. अभ्यासिका, मेस, चहाच्या टपऱ्या या सगळ्यांचा धंदा त्यांच्यावर चालतो. पुणेरी पाट्यांचं एवढं कौतुक होतं. त्या पाट्या कुणाला उद्देशून असतात? बहुतेक वेळा नव्या माणसाला. गाडी लावू नये, बेल वाजवू नये, पत्ता विचारू नये. शहराने नव्या माणसासाठी स्वतः लिहिलेलं मार्गदर्शक हेच, आणि त्यात काय करावं यापेक्षा काय करू नये तेच जास्त.

पुलंच्या बऱ्याच आधी, १८६३ साली, मराठीत एक वेगळं पुस्तक आलं होतं. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन'. आडनावावरून कळतं तसं त्यांचं मूळ गोव्यातल्या मडगावचं. लहानपणी ते मुंबईत आले आणि तिथेच वाढले. पुस्तक लिहिलं तेव्हा मुंबई-ठाणे रेल्वेला दहा वर्षं झाली होती आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहरात रोज नवा माणूस येत होता. माडगावकर बाजार सांगतात, देवळं-मशिदी सांगतात, कुठल्या जातीचे लोक कुठला धंदा करतात ते सांगतात, सण, रस्ते, संस्था, इमारती सांगतात. त्यांना शहराचा अभिमान आहे, कंपनी सरकार आणि नंतरच्या इंग्रजी राज्याबद्दल त्यांचं कौतुक आज वाचताना अडखळायला लावतं. तरीही या पुस्तकात एक गोष्ट आहे जी नंतरच्या खुसखुशीत लेखनातून निघून गेली. मुंबईकर कसा असतो यापेक्षा मुंबई कशी चालते यात त्यांना रस आहे. धान्य कुठून येतं, पाणी कुठलं, काम कुणाला मिळतं. बाहेरून आलेल्या माणसाला आधी हेच लागतं. शहराचा स्वभाव त्याला नंतर कळला तरी चालतो.

छापील पुस्तक ज्यांच्या हाती पडणार नव्हतं त्यांनी शहर गाण्यातून ऐकलं. पठ्ठे बापूरावांची मुंबईवरची लावणी आहे, ऐश्वर्याने दिपवणाऱ्या मुंबईची. अण्णा भाऊ साठ्यांनीही मुंबईची लावणी लिहिली, आणि तीत श्रीमंतांची टेकडी आणि कामगारांच्या वस्त्या शेजारीशेजारी ठेवल्या. दोघेही आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातले, म्हणजे एकाच बाजूने मुंबईत पोचलेले. अण्णा भाऊ तर लहानपणी वाटेगावहून घरच्यांसोबत पायी मुंबईला आले. त्यांच्या लावणीला मी मार्गदर्शकच म्हणेन. ती ऐकून गिरणीत लागायला निघालेल्या माणसाला किमान एवढं कळत होतं, की आपल्याला ज्या मुंबईत राहायचंय ती चित्रातली मुंबई नव्हे. शिवाय त्यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत सांगणारा कोरा नाही. त्याच्यामागे गाव आहे, घर आहे, मागे राहिलेलं माणूस आहे. शहराबद्दल बोलताना तो हे सगळं सोबत घेऊनच बोलतो.

माडगावकरांच्या पुस्तकानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९६३ मध्ये, 'कोसला' आली. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी पुण्यात येणाऱ्या गावाकडच्या पोरांनी वाचावीच असं मानलं जातं, आणि पुष्कळजण वाचतातही. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्यात शिकायला येतो, होस्टेलमध्ये राहतो, मेसचा सेक्रेटरी होतो, गॅदरिंगचं काम अंगावर घेतो, पैसे उधळतो, कर्जात बुडतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परत जातो. पांडुरंगाचं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' प्रसिद्ध आहे. त्याच्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला त्यात पुलंच्या लेखाचा उलटा आरसा दिसतो. पुणेकर व्हायला ठाम मत लागतं, असं पुलं सांगतात. पांडुरंगाला एकही वाक्य ठामपणे संपवता येत नाही. सुरुवातीला 'उदाहरणार्थ' लावून तो त्याची जबाबदारी हलकी करतो, शेवटी 'वगैरे' लावून ते मोकळं सोडतो. त्याला या शहरात काही व्हायचं नाहीये. राहून बघायचंय, आणि तेही जमत नाही.

म्हणून 'कोसला' ही रुळण्याची नव्हे तर न रुळण्याची गोष्ट आहे, आणि प्रत्येक नव्या माणसाला ती जवळची वाटते. पण दरवेळी वाचताना एक हिशेब मला खुपतो. पांडुरंगाचा बाप पैसेवाला आहे. शेती आहे, घर आहे, गावात वजन आहे. पांडुरंग पुण्यात नापास झाला, कर्ज केलं, तरी परत जायला जागा आहे. बापाशी त्याचं कितीही वाकडं असलं तरी त्या परतीचा खर्च बापच उचलतो. आमच्याकडे दोन-तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन निघालं तर निघालं. तेही आडतीवर घालून आलेल्या पैशातून आधी पोराची फी जाते. तिथल्या मुलाला पांडुरंगासारखं परतणं परवडत नाही. त्याचं शहर सोडून जाणं ही तत्त्वज्ञानाची गोष्ट होत नाही, घरावर चढलेल्या कर्जाची होते. 'कोसला'चं मोठेपण यामुळे कमी होत नाही. पण तिला 'गावाकडच्या प्रत्येक पोराची कहाणी' म्हणणाऱ्या समीक्षेने हा हिशेब मांडायला हवा होता.

तो हिशेब दुसऱ्या बाजूने दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) सापडतो. तिथे मुंबईतला कावाखाना आहे. गावाकडून आलेल्या नातेवाइकांनी, जातभाईंनी दाटीवाटीने भरलेली जागा. शहरात पाय ठेवायला जागा मिळते ती ओळखीतून, आणि ती ओळख जातीची असते. ज्या जातीमुळे गावकुसाबाहेर राहावं लागलं, तिच्याच आधाराने शहरात छप्पर मिळतं, आणि त्या छपराबाहेर पडायला पुढे कित्येक वर्षं लागतात. शहरात जात विरघळते असं शाळेत निबंधात लिहिणाऱ्यांनी 'बलुतं' वाचून पुण्यात एकदा भाड्याने खोली शोधावी. 'आडनाव काय' हा प्रश्न अजून भाड्याच्या आधी येतो. 'नॉनव्हेज करणार का' हा प्रश्न म्हणजे तोच प्रश्न, जरा सभ्य करून विचारलेला. शहराबद्दलच्या कुठल्याही विनोदी लेखात हा संवाद नाही. ज्याला हे विचारलं जात नाही, त्याला हे शहराचं वैशिष्ट्य म्हणून सुचणारही नाही.

आता आजच्या लेखनाकडे, खरं तर व्हिडिओंकडे. नव्या शहराची माहिती आज सगळ्यात जास्त मिळते ती याद्यांतून. पुण्यात पाहण्यासारखी दहा ठिकाणं, मिसळीची सात ठिकाणं, पावसाळ्यात जायचे पाच गड. बनवणारे मेहनत घेतात, माहिती बहुतेकदा बरोबर असते. पण या याद्यांनी शहर पाहणं आणि शहरात राहणं यांची फारकत केलीय. पाहायचं ते सुट्टीच्या दिवशी, पोट भरलेलं असताना. नव्या माणसाचं पाहणं असं होत नाही. स्वस्त मेस शोधताना तो गल्ल्या पाहतो, खोली शोधताना उपनगरं, आणि बस चुकली की पायी चालताना उरलेलं शहर. त्याची भटकंती आणि त्याचं स्थिरावणं ही एकच गोष्ट असते. मी कामावर जे सॉफ्टवेअर वापरतो त्यातल्या प्रत्येकासोबत एक 'रीडमी' फाइल येते : हे कसं बसवायचं, कसं चालवायचं. वाईट रीडमी ओळखायची खूण अशी, की लिहिणाऱ्याच्या मशीनवर जे आधीपासूनच होतं ते तुमच्याकडेही असेलच असं ती धरून चालते. शहरांच्या याद्यांचं नेमकं हेच होतं. गाडी, मोकळा रविवार, ओळखीचा घरमालक, चालेलशी भाषा, हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून पहिली ओळ सुरू होते. आणि चांगली रीडमी बहुधा तो लिहितो, जो नुकताच, गेल्या आठवड्यात, तिथे अडकून बाहेर आलाय. मुरलेल्याला अडचणी आठवत नाहीत.

खरं मार्गदर्शन आजही तोंडी चालतं. आमच्या बोलण्यातली क्रियापदं पाहा. आम्ही खोली घेत नाही, 'रूम करतो'. 'पोरगा लातूरला रूम करून राहतोय.' मेस 'लावतो', ट्यूशन 'लावतो'. 'रूम करणं'मध्ये भाडं ठरवणं, तिघे जोडीदार जमवणं, गॅस शेगडी गावाकडून आणणं, पाण्याचा ड्रम विकत घेणं, घरमालक काकांना आपण सज्जन आहोत हे पटवणं, एवढं सगळं येतं. आणि ते कुणीतरी आधी गेलेला दादा शिकवतो. गावातला, भावकीतला, किंवा शाळेत दोन वर्षं पुढे असलेला. या तोंडी परंपरेचं मला कौतुक आहे, पण तिची मर्यादाही दिसते. दादा ज्या गल्लीत राहिला त्याच गल्लीत तुम्ही राहता, त्याने लावलेलीच मेस लावता, त्याने न पाहिलेलं शहर तुम्हीही पाहत नाही. ज्याच्या गावातून, ज्याच्या घरातून आधी कुणी गेलेलंच नाही, त्याला दादा कुठून मिळणार? मुलींना तर हा दादा फारसा उपयोगाचाही नाही. त्यांच्या रूमचे, वेळेचे, रस्त्याचे नियम वेगळे. इथे लिखित शब्दाची गरज लागते. ओळख नसलेल्यालाही मिळेल असा मजकूर, हेच तर लेखनाचं काम.

म्हणून मला वाटतं, चौथा पर्याय पुण्यात शोधण्याआधी लातुरात शोधावा. रेणापूरच्या पोराचं पहिलं नवं शहर लातूरच. अंतर वीसेक किलोमीटर. अंबाजोगाई रस्त्याने, पिंपळफाट्यावरून गाडी धरली की अर्ध्या-पाऊण तासात 'रेणापूर नाका' येतो. आपल्या गावाचं नाव शहराने एका नाक्याला दिलंय याचा पहिल्यांदा जाताना अभिमान वाटतो. मग कळतं, नाक्याला नाव त्या गावाचं देतात जिकडे रस्ता जातो.

'लातूर पॅटर्न'बद्दल वर्तमानपत्रांतून बरंच छापून येतं. राजर्षी शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज, गुणवत्ता यादी, आता नीटचे निकाल. दर जूनमध्ये नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडून पंधरा-सोळा वर्षांची पोरं-पोरी या शहरात राहायला येतात. आईबापांना सोडून राहण्याची बहुतेकांची ही पहिलीच वेळ. म्हणजे माणशी हिशेब केला तर नव्या शहरात रुळण्याचा अनुभव आज जितका लातुरात साठलाय तितका फार कमी ठिकाणी असेल. आणि या अनुभवाबद्दल मराठी साहित्यात किती आहे? निकालाच्या बातम्या आहेत, जाहिरातींचे फलक आहेत, टॉपरच्या मुलाखती आहेत. त्या सगळ्यांत शहर नाही. एका खोलीत चौघे राहणाऱ्या मुलांची संध्याकाळ नाही. ट्यूशन एरियातल्या गर्दीत आपल्याला कुणीही ओळखत नाही याची भीती नाही, आणि त्याच गोष्टीची मजाही नाही.

असं लेखन झालं तर त्यात काय असावं? गंजगोलाई असावी. १९१७ सालची, फैयाजुद्दीन या नगररचनाकाराने आखलेली. मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि गोलातून फुटलेले सोळा रस्ते. पर्यटनाच्या पुस्तिकेत 'सोळा रस्ते' हे वैभव असतं. नव्या माणसाला ती फसगत असते, कारण गोलात शिरल्यावर सगळे रस्ते सारखे दिसतात आणि भांड्याच्या रस्त्याऐवजी माणूस कापडाच्या रस्त्याने बाहेर पडतो. गोलाई कळणं म्हणजे कुठला रस्ता कुठल्या मालाचा हे कळणं, आणि ते तीन-चारदा हरवल्याशिवाय कळत नाही. निजामाच्या काळातली ही आखणी हैदराबादकडे तोंड करून उभ्या असलेल्या जुन्या लातूरचीही आठवण आहे, हेही त्यात यावं.

पाणी असावं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा पुण्यात पहिल्या वर्षाला होतो. 'तुमच्याकडे रेल्वेने पाणी येतं ना?' हा मला लातूरबद्दल सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न. बाहेरच्याला ती एक बातमी. लातुरात रूम करणाऱ्याला मात्र ती रोजची चौकशी : नळ किती दिवसांनी येतो, बोअर आहे का, टँकरचे पैसे भाड्यात की वेगळे. शहर कसं चालतं ते सांगण्याची माडगावकरांची जुनी पद्धत इथे नेमकी उपयोगी पडते.

डबा असावा. ज्यांचं गाव जवळ त्यांचा डबा सकाळच्या एसटीने येतो. नाव लिहिलेली पिशवी, आत भाकरी, भाजी, कधी चिठ्ठीसारखं काही. स्टँडवर तो डबा घ्यायला उभ्या असलेल्या पोरांची रांग मी पाहिलीय आणि त्या रांगेत मीही उभा राहिलोय. रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवायचा. दोन वर्षं गाव आणि शहर यांच्यामधला हा एकच रोजचा धागा. एखादा दिवस डबा आला नाही, तर घरी काय झालं असेल या विचारात सगळी दुपार जायची. हे शहर-वर्णन आहे की घर-वर्णन? नव्या माणसाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, आणि आपल्या विनोदी मार्गदर्शकांतून जे निसटतं ते हेच.

आणि अपयश असावं. लातुरात आलेल्या प्रत्येकाला मेडिकलची सीट मिळत नाही, बहुसंख्यांना मिळतच नाही. फलकावर फोटो येतात ते थोड्यांचे. बाकीचे दोन वर्षं या शहरात राहून, त्याचे रस्ते पाठ करून, गपचूप गावाकडे किंवा पुढच्या शहराकडे निघून जातात. त्यांना हे शहर कसं दिसलं हे कुणी विचारत नाही. पांडुरंग सांगवीकरला त्याचं अपयश सांगायला अख्खी कादंबरी मिळाली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला 'इथे राहून जे शिकलास ते मार्कांच्या बाहेर आहे आणि ते खरं आहे' असं सांगणारा एखादा लेख तरी मिळायला हवा. त्या वयात एकटं पडलेल्या मुलासाठी ही किरकोळ गोष्ट नसते.

पुलंचा लेख मी यापुढेही ऐकेन, हसेन. तो ज्या प्रश्नाला उत्तर देतो तो प्रश्न खराच आहे. शहरं माणसाला बदलतात, आणि त्या बदलाची चेष्टा व्हायलाच हवी. पण 'तुम्हाला कोण व्हायचंय' या प्रश्नाआधी 'तुम्ही कोण आहात, कुठून आलात, सोबत काय आणलंय' हे विचारणारं लेखन मराठीत कमी आहे. जे आहे ते अण्णा भाऊंच्या छक्कडीत, 'बलुतं'मध्ये, थोडंफार 'कोसला'त विखुरलेलं आहे, आणि आपण त्याला शहराचं मार्गदर्शक म्हणून वाचत नाही. तसं वाचायला लागलो तर पुढचं लिहिणं सोपं होईल. ते लिहिणारा बहुधा माझ्यासारखा दहा वर्षं मुरलेला नसेल. मला आता लातूरच्या खोलीचं भाडं किती होतं हेही नीट आठवत नाही. तो किंवा ती यंदा अकरावीला असेल, गोलाईत चुकीच्या रस्त्याने बाहेर पडत असेल, आणि रात्री वहीच्या मागच्या पानावर मेसचा हिशेब लिहीत असेल. त्या हिशेबाखाली आणखी चार ओळी लिहिल्या, आणि 'जायलोय' तसंच ठेवलं, तर सुरुवात झाली म्हणता येईल.